बांगलादेश जवळ आहे, पण बाजार सोपा आहे का?

इंदापूरचं डाळिंब किंवा बारामतीची द्राक्षं बांगलादेशला पाठवायचा विचार करताय? पेट्रापोल-बेनापोल नाका ओलांडला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण नफा अडकतो तो त्या नाक्यावरच.

युरोपियन युनियनचं बघा. २७ देश, पण कस्टम्सची भिंत एकच. रॉटरडॅमला माल एकदा सुटला की जर्मनीला न्या नाहीतर पोलंडला, पुन्हा शुल्क नाही. औषधांच्या अंशाचे नियम कडक, पण सगळीकडे तेच.

आपल्या शेजाऱ्यांमध्येही करार आहे बरं का! सार्क १९८५ ची, आणि तिचा व्यापार करार साफ्टा २००६ पासून लागू. पण प्रत्येक देशाने आपली 'सेन्सिटिव्ह लिस्ट' ठेवली. त्या यादीतल्या मालाला करारातली सवलत मिळत नाही. वर राजकारण आहेच. २०१४ च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. मध्यंतरी बांगलादेशाने शुल्क वाढवलं आणि विदर्भातला संत्रा उत्पादक अडचणीत आला. आपणही काही कमी नाही, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच सरकारने कांदा निर्यात बंद केली होती!

म्हणून दर सांगण्याआधी तिकडच्या खरेदीदाराकडून तुमच्या एचएस कोडवर आज एकूण किती शुल्क लागतं ते लेखी मागवा. सवलत बसत असेल तर साफ्टाचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन काढा, त्याशिवाय ती मिळत नाही. आणि गाडी वाटेत असताना शुल्क वाढलं तर फरक कोण भरणार, हे त्याच मेलमध्ये ठरवून टाका. गाडी भरायच्या आधी.