लहान बोटींचा मेळावा आणि काही मोठे गैरसमज

शिडाची बोट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंतांची यॉट येते. अमेरिकेत मात्र गाडीमागे ट्रेलर जोडून नेता येणाऱ्या, पंधरा ते बावीस फुटी शिडाच्या बोटी साध्या नोकरदारांच्या आवारातही उभ्या असतात. 'वेस्ट वाइट पॉटर' ही त्यातली एक लाडकी जात. इंग्लंडमध्ये स्टॅन्ली स्मिथ यांनी ती आखली आणि पुढे ती कॅलिफोर्नियात बांधली जाऊ लागली. तिच्या १५ फुटी बोटीचे वजन साधारण २१५ किलो. तळातले पाते वर उचलले की ती वीतभर पाण्यातही तरंगते आणि आत दोन माणसे आडवी होऊ शकतात. अशा बोटींच्या मालकांनी ठरवून एखाद्या पाण्यावर जमायचे, दोन-तीन दिवस एकत्र शीड हाकायचे, किनाऱ्यावर चूल मांडायची, हा तिकडचा फार सुंदर प्रघात आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी मंडळींनाही तो सहज जमण्यासारखा आहे. अडचण होते ती हौसेने ठरवलेल्या आणि चुकीच्या समजुतींवर उभ्या राहिलेल्या बेतांमुळे.

'ट्रेलरवरची बोट कुठल्याही पाण्यात, कधीही उतरवता येते'

हा गैरसमज सर्वांत पसरलेला आणि आता सर्वांत महागात पडणारा. २००७ च्या जानेवारीत नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडमध्ये क्वागा मसल नावाचा परका शिंपला सापडला. त्याच सुमारास तो कोलोराडो नदीवरच्या लेक हवासूतही आढळला. लेक हवासूवर दर फेब्रुवारीत लहान बोटींचे मोठे मेळावे भरत आले आहेत, म्हणजे शिंपल्याला तिथून निघायला वाहने आयतीच मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गोल्डन मसल हा त्याचा भाऊबंद कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो-सॅन वाकीन डेल्टात सापडला. उत्तर अमेरिकेतली ती त्याची पहिलीच नोंद. हे शिंपले पाण्याचे नळ, झडपा आणि पंप बुजवून टाकतात. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बोटीच्या तळाशी किंवा मोटरच्या नळीत उरलेल्या थोड्याशा पाण्यात ती जिवंत राहतात. त्यामुळे आता कॅलिफोर्नियात अनेक तलावांवर बोट उतरवण्याआधी तपासणी होते आणि काही ठिकाणी ३० दिवस थांबावे लागते. या शनिवारी डेल्टा आणि पुढच्या शनिवारी डोंगरातला तलाव, असा बेत कागदावरच राहतो. मेळाव्याची जागा ठरवताना पाहुण्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमची बोट शेवटची कुठल्या पाण्यात होती? बोट बाहेर काढली की धुणे, पाणी पूर्ण काढून टाकणे आणि कोरडी करणे, हे तिन्ही करूनच निघावे.

पाण्याचा प्रश्न सुटला की रॅम्पचा उभा राहतो. रॅम्प म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. एका बोटीला त्यावर दहा मिनिटे धरली, तर एकपदरी रॅम्पवर बारा बोटींना दोन तास लागतात. डोलकाठी उभारणे, शिडे बांधणे, सामान भरणे ही कामे उतारावरच करत बसले तर दुपारही तिथेच सरते, आणि मागे खोळंबलेल्या मासेमाऱ्यांचा राग वेगळा. या कामांना प्रत्येक बोटीमागे पाऊण ते एक तास लागतो. ती वाहनतळाच्या कडेला, सपाट जागी उरकायची असतात. डोलकाठी उभारण्याआधी मान वर करून विजेच्या तारा पाहाव्यात. ॲल्युमिनियमची काठी तारेला टेकली तर माणूस जागच्या जागी जातो. जागेची पाहणी करायला जाणाऱ्याने तारा कुठून जातात हे आधीच टिपून सर्वांना कळवलेले बरे.

उभारणीत जाणाऱ्या या वेळाचा आणखी एक फायदा आहे. लांबून ओढत आणलेल्या ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग तापलेले असतात. ते तसेच थंड पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्याने गंज चढतो आणि एखाद्या परतीच्या प्रवासात, महामार्गावर, चाक अडकते किंवा निखळते. तासभर थांबले की बेअरिंग निवतात. ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. पोचण्याची वेळ ठरवताना नेहमीच्या वेगाचा हिशेब धरू नये.

'एकत्र निघालो म्हणजे एकत्र राहू'

वजनदार तळाची बोट पुढे सरकताना स्वतःच एक लाट उभी करते आणि त्या लाटेच्या लांबीतच अडकते. म्हणून तिच्या वेगाला मर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ घेऊन त्याला १.३४ ने गुणले की ती मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे ताशी समुद्री मैलांत, मिळते. पाण्यावर १२ फूट लांबी असलेल्या बोटीची मर्यादा साधारण ४.६ नॉट, २० फूट लांबीच्या बोटीची ६ नॉट. फरक किरकोळ वाटतो, पण पाच तासांत तो सुमारे ७ समुद्री मैलांचा होतो. वारा समोरून असेल तर आडवेतिडवे वळसे घेत जावे लागते, अंतर दीडपट ते दुप्पट होते आणि लहान बोट आणखीच मागे पडते.

म्हणून दिवसाचा पल्ला ठरवताना सर्वांत लहान बोट आणि तिच्यातला सर्वांत नवखा माणूस, एवढेच पाहावे. सरासरी ३ नॉट धरावी. १२ समुद्री मैलांना चार तास, वारा समोरून असेल तर सात. मोठ्या बोटीवाल्यांना हे रटाळ वाटते, हे खरे. त्यांनी हवे तर वाटेत एखाद्या बेटाला फेरी मारून यावे, पण पल्ला त्यांच्या वेगावर ठरवू नये. या बाबतीत मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही, कारण अंधारात एकटा मागे राहिलेला माणूस हा मेळाव्याचा सर्वांत मोठा धोका असतो.

'रेडिओ आहे ना' हे उत्तरही अर्धेच. हातातला व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो. दोन लहान बोटींमध्ये त्याचा पल्ला तीन ते पाच मैल, आणि मध्ये डोंगराचे टोक आले की तेवढाही नाही. १६ क्रमांकाचे चॅनल संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखलेले असते. गप्पांसाठी ६८, ६९ किंवा ७२ यांपैकी एक आधी ठरवावे, आणि ठरावीक तासांना हजेरी घ्यावी. कोण कुठून निघाले, कधी परतणार, याचा कागद किनाऱ्यावरच्या एका विश्वासू माणसाकडे ठेवावा.

मेळावा भरवणारा हा सर्वांचा कप्तान असतो, हाही गैरसमजच. टेक्सासच्या किनाऱ्याने साधारण २०० मैल जाणारी 'टेक्सास २००' ही सफर २००८ पासून जूनमध्ये होत आली आहे. ती शर्यत नाही आणि सोबत मदतनौकाही नसते. प्रत्येक बोटीचा निर्णय तिच्या मालकाचा. तिथली एक सोय मात्र उचलण्यासारखी आहे: गाड्या आणि ट्रेलर आधीच शेवटच्या ठिकाणी नेऊन ठेवायचे आणि बसने सुरुवातीच्या जागी परतायचे. एका दिशेने जाणारी सफर आखताना ही गोष्ट विसरली तर शेवटच्या मुक्कामी बोटी असतात आणि गाड्या दोनशे मैल मागे.

'हवा छान आहे, निघू या'

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उन्हाळ्याची सकाळ शांत असते. मग आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. दुपारी तिथे २० ते २५ नॉटचा पश्चिम वारा नेहमीचाच. त्याच वेळी ओहोटी लागली तर बाहेर जाणारे पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या कड्यांच्या लाटा उठतात. गोल्डन गेटपाशी ओहोटीचा वेग ४ नॉटच्या पुढे जातो. १५ फुटी बोट पूर्ण वेगात असली तरी तिथे जागच्या जागी राहते. हवामानाच्या अंदाजात सूर्य हसत असला तरी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहिल्याशिवाय वेळ ठरवता येत नाही.

मराठी माणसाला यात एक वारसा आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोकणात पोरांनाही ठाऊक असते. चंद्र तोच असल्याने कॅलिफोर्नियातही हा नियम चालतो, आणि नवख्यांचा मेळावा भांगाच्या दिवसांत ठेवावा, कारण प्रवाह मंद असतो. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपला हिशेब तिथे लावू नये. मुंबईच्या दोन्ही भरत्या बऱ्याच अंशी सारख्या. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्यांपैकी एक मोठी आणि एक लहान असते. मोठ्या भरतीच्या वेळी बोट वाळूवर चढवली तर पुढच्या लहान भरतीला ती तरंगतच नाही. जवळजवळ पूर्ण दिवस बसून राहावे लागते. सोमवारी कामावर जायचे असलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

'मला पोहता येते'

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे पाणी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस असते. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्याने माणूस बुडतो. पट्टीचा पोहणाराही याला अपवाद नाही. कॅनडाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी १-१०-१ असे सूत्र दिले: श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय उपयोगाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. दहा मिनिटांनंतर लाइफ जॅकेटची पट्टी बांधायला बोटे वळत नाहीत. कायद्याने मोठ्यांसाठी जॅकेट बोटीवर असले की पुरते, १३ वर्षांखालच्या मुलांनी मात्र ते घातलेलेच हवे. मेळाव्याचा नियम कायद्यापेक्षा कडक असावा: धक्का सोडला की प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींत बुडून मेलेल्यांपैकी पाचात चारांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नव्हते.

'किनारा दिसला की मुक्काम'

टोमालेस बे ही सॅन अँड्रियास भ्रंशरेषेवर पडलेली, साधारण १५ मैल लांब आणि जेमतेम मैलभर रुंद अशी खाडी. लहान बोटींसाठी मला याहून देखणी जागा माहीत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस, चांदणे नसलेल्या रात्री, वल्हे मारले की तिथले पाणी निळसर उजळते. पश्चिमेच्या वाळूच्या पट्ट्यांवर फक्त बोटीने जाऊन तंबू ठोकता येतो. मात्र पॉइंट रेज नॅशनल सीशोअरचा परवाना आधी घ्यावा लागतो आणि जागा मोजक्याच असतात. बहुतेक पट्ट्यांवर शौचालय नाही. स्वतःचे फिरते शौचालय नेऊन मैला परत आणणे बंधनकारक आहे. स्वयंपाकाच्या यादीआधी ही यादी करावी. तंबू मोठ्या भरतीच्या रेषेच्या वरच्या बाजूला ठोकावा. उधाणाच्या दिवशी ही रेषा पार डोंगराच्या पायथ्याशी जाते, आणि मग तंबूला जागाच उरत नाही.

खाडीच्या मुखाकडे हौसेने जाऊ नये. तिथे उथळ वाळूवर, बराच वेळ शांत राहून, अचानक लाटा फुटतात. त्यांनी तिथे अनेक बळी घेतले आहेत. हॉग आयलंडच्या पलीकडे मेळावा नेऊच नये, असे माझे मत.

रात्री सगळ्या बोटी शेजारी शेजारी बांधून एकाच नांगरावर झोपणे फोटोत छान दिसते. जेवणापुरते, वारा पडलेला असताना ते करावे, तेही डोलकाठ्या एकमेकींवर आदळणार नाहीत अशा मागेपुढे ठेवून. झोपताना प्रत्येकाने आपला नांगर वेगळा टाकावा, पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट, शक्यतो सातपट दोर सोडावा. बोट त्या दोराच्या त्रिज्येत फिरते. म्हणून छोट्याशा आडोशात पंधरा बोटी मावतील हा अंदाज नेहमी चुकतो.

'लहान बोटीने आइसलँड गाठले आहे'

हे खरे आहे. १९६३ मध्ये फ्रँक डाय हे एका सोबत्यासह स्कॉटलंडहून आइसलँडला गेले. इअन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेल्या 'वेफेरर' जातीची, १६ फुटांहून किंचित कमी लांबीची उघडी बोट त्यांच्याकडे होती. पुढच्या वर्षी नॉर्वेच्या वाटेवर वादळात त्यांची बोट अनेकदा उलटली, डोलकाठी मोडली, तरीही ते पोचले. त्यांचे धैर्य थोरच. पण त्यामागे बोटीची, हवामानाची आणि स्वतःच्या शरीराची वर्षानुवर्षांची ओळख होती. दहा कुटुंबांच्या शनिवार-रविवारला हा दाखला लागू पडत नाही.

पहिलाच मेळावा ठरवत असाल तर भांगाच्या दिवसांतला शनिवार निवडा, बोटी पाच-सहाच ठेवा, पल्ला सहा मैलांपलीकडे नेऊ नका, आणि दुपारचा वारा वाढायच्या आत रॅम्पवर परत या. येणाऱ्या प्रत्येकाकडे बोटर कार्ड आहे का, हे आताच विचारून घ्या: १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या पाण्यात मोटरवर बोट चालवणाऱ्याला, वय कितीही असो, ते लागते, आणि शिडाच्या लहान बोटीवाल्यालाही रॅम्पवरून निघताना बहुतेक वेळा मोटर सुरू करावीच लागते.