फुलांची मुदतवाढ

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत इंग्लंडातील धनिकांच्या बागांवर ज्या फुलझाडाचा अंमल होता, ते आपल्याकडेही थंड हवेच्या ठिकाणी व्हरांड्यातील कुंड्यांत दिसणारे, लाल गुच्छांचे, मूळचे दक्षिण आफ्रिकेतले झाड होय. लोक त्याला जिरेनियमच म्हणत आणि अजूनही म्हणतात, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात १७८९ सालीच त्याची नोंद पेलार्गोनियम या निराळ्या प्रजातीखाली झालेली होती. दरवर्षी मे महिन्यात काचगृहांतून ही रोपे हजारोंनी बाहेर काढावीत, रांगोळीच्या नक्षीसारखी वाफ्यांत मांडावीत, आणि हिमकाळाच्या आत पुन्हा उचलावीत किंवा फेकून द्यावीत, असा तो कारभार होता. त्याला कोळसा लागे, काच लागे, आणि मुख्य म्हणजे अल्प वेतनावर राबणाऱ्या माळ्यांची फौज लागे. खरे जिरेनियम, म्हणजे बर्फाखाली मुळे शाबूत राखून वसंतात स्वतःच्या बळावर पुन्हा फुटणारे, तेव्हा कुरणांत, कुंपणाकडेला आणि खेडुतांच्या परसात आपले दिवस काढीत होते.

विल्यम रॉबिन्सनने १८७० साली ‘द वाइल्ड गार्डन’ हा ग्रंथ लिहून त्या नक्षीबाज बागाईतीवर हत्यार उपसले, गर्ट्रूड जेकिलने पुढे बारमाही मुळांच्या झाडांची रंगसंगती शास्त्राच्या पदवीस नेली, आणि १९१४ च्या महायुद्धाने माळीही नेले व कोळसाही नेला. त्यामुळे काटक जिरेनियमला दरबारात प्रवेश मिळाला खरा, पण त्यात एक वैगुण्य होते. युरोपातील कुरणांत वाढणाऱ्या त्याच्या जाती जूनच्या सुमारास तीन-चार आठवडे भरभरून फुलत, आणि नंतर पाने पसरून स्वस्थ बसत. माळी मग त्यांना जमिनीलगत छाटून, पाणी देऊन नवी पालवी आणवी. फुलांचा दुसरा बहर मात्र आलाच तर तुटपुंजा येई.

हे वैगुण्य दूर झाले ते हिमालयाच्या रक्ताने, आणि या इतिहासात मला सर्वांत रम्य वाटते ते हेच प्रकरण. कोपनहेगनहून शल्यवैद्य म्हणून बंगालमध्ये आलेला नॅथनिएल वॉलिच हा पुढे कलकत्त्याच्या कंपनीच्या वनस्पतिउद्यानाचा मुख्याधिकारी झाला. हिमालयातील एका जिरेनियमला त्याचे नाव मिळाले आणि ते ‘वालिचियानम’ म्हणून विलायतेस पोहोचले. युरोपीय भाऊबंद फुलून थकले, की हे फुलू लागते. कारण त्याच्या मुलुखात फुलण्याचा हंगाम म्हणजे पावसाळा. गढवालातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये ऐन श्रावणात भिजत जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांच्या पायाशी ते विपुल असते, परंतु त्याच्या वंशजांनी परदेशात केवढा लौकिक मिळविला याची त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वार्ता असेल. वेल्समधील बेट्स-इ-कोइड येथे राहणाऱ्या ई. सी. बक्स्टन या गृहस्थाच्या बागेत १९२० च्या सुमारास या जातीचे पांढऱ्या मध्याचे, निर्मळ निळे वाण निपजले. त्याच कॉन्वी नदीच्या खोऱ्यात, बल्कली मिल येथे, ए. टी. जॉन्सन हा लेखक बाग करीत होता. त्याने हॉलंडातील रॉइस या रोपवाटिकाकारास कुरणातील जिरेनियमचे बी पाठविले, आणि त्या बियांतून १९५० च्या सुमारास जे रोप उगवले, त्याचा पिता हिमालयातले ‘हिमालयेन्स’ असावे असे त्याच्या रूपावरून ठरले. हेच ते ‘जॉन्सन्स ब्लू’. पुढे त्याहून दीर्घायु बहराची पुष्कळ वाणे आली, तरी निळाईच्या बाबतीत माझा कौल अजून यालाच आहे.

‘जॉन्सन्स ब्लू’ बी धरीत नाही, आणि त्याच्या लांबलेल्या बहराचे निम्मे रहस्य या वंध्यत्वात आहे. स्प्रेंगेल नावाच्या जर्मन शिक्षकाने १७८७ साली रानातल्या एका जिरेनियमच्या पाकळीच्या बुडाशी असलेली बारीक लव पाहिली, ती पावसापासून मध राखण्यासाठी असावी असे अनुमान बांधले, आणि मध कीटकांसाठी, कीटक परागासाठी, अशी सांगड घालीत १७९३ मध्ये पुष्परचनेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याने परागणविद्येचा पाया घातला. फुलाचा सारा खटाटोप बीजासाठी असतो. बीज धरले, की झाडाची शक्ती फळाकडे वळते आणि नव्या कळ्या थांबतात. संकराच्या फुलात मधमाशी येते, मध नेते, पण बीज धरत नाही. म्हणून झाड पुन्हा कळी काढते, पुन्हा फसते, आणि या निष्फळ उद्योगाचा नफा बागवानाच्या खाती जमा होतो. त्यात वालिचियानमचा उशिरा फुलण्याचा स्वभाव मिसळला, तर जून ते पहिले हिम अशी अखंड मुदत मिळेल हे कागदावर कोणालाही मांडता आले असते. प्रत्यक्षात ते मांडले एका परसबागेने.

दरम्यानच्या काळात सॉमरसेटमधील ईस्ट लॅम्ब्रुक येथे मार्जरी फिश यांनी, नोकरचाकरांचा ताफा नसलेल्या घरधन्यांसाठी, जमीन झाकून तण दडपणाऱ्या काटक जिरेनियमची मोठी वकिली केली. आणि केंब्रिजच्या वनस्पतिउद्यानातील पीटर यो यांनी १९८५ साली ‘हार्डी जिरेनियम्स’ हा ग्रंथ लिहून, फळ फुटून बी कसे उडते या लक्षणावर संपूर्ण प्रजातीची नवी वर्गवारी लावली.

१९८९ साली सॉमरसेटमधीलच किल्व्ह गावी डोनाल्ड व रोझॅन वॉटरर या दांपत्याच्या बागेत एक रोप वेगळे दिसले: एका बाजूने हिमालयेन्स, दुसऱ्या बाजूने बक्स्टनचे वालिचियानम, म्हणजे दोन्ही आजोळे हिमालयातलीच. नॉरफकच्या ‘ब्लूम्स ऑफ ब्रेसिंगहॅम’ने २००० साली ते ‘रोझॅन’ नावाने बाजारात आणले. २००८ मध्ये अमेरिकेतील पेरेनियल प्लांट असोसिएशनने त्यास वर्षाची वनस्पती ठरविले, आणि २०१३ साली चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीत, दर दशकातून एक अशा निवडलेल्या वनस्पतींमधून, लोकांनी मते देऊन शतकाची वनस्पती म्हणून त्याचाच गौरव केला. हॉलंडातून ‘जॉली बी’ नावाने विकले जाणारे रोपही हेच, असा शेवटी निवाडा झाला. वाणहक्काच्या दस्तऐवजात मात्र त्याचे नाव ‘गेरवाट’ असे रूक्ष आहे.

हे सर्व यदृच्छेचे दान, असे म्हणावे तर स्कॉटलंडच्या उत्तरेकडील वाऱ्याने झोडपलेल्या ऑर्कनी बेटांवर ॲलन ब्रेम्नर यांनी हेतुपुरस्सर संकर करून ‘पॅट्रिशिया’सारखी वाणे काढलीच आहेत; पण लोकप्रियतेत परसातले पोर पुढे गेले. मला त्याचे कौतुक आहे, आणि एक तक्रारही: जे बी धरीत नाही, ते कुंपणावरून शेजाऱ्याला मूठभर बियांत देता येत नाही, आणि बागेत त्याची अनपेक्षित संतती कधी उगवत नाही. ज्या प्रकारच्या देवघेवीतून ‘जॉन्सन्स ब्लू’ निपजले, ती रोझॅनपाशी येऊन थांबते. वालिचियानम आणि हिमालयेन्स या दोहोंचे बी मात्र अजूनही मिळते, आणि किल्व्हच्या वाफ्यांत त्या दोघांना एकमेकांपर्यंत नेण्याचे काम मधमाशांनी केले होते.