निवेदकाची हकालपट्टी

शेक्सपिअरची शोकांतिका अर्ध्या तासात बसवणे म्हणजे नऊवारी लुगडे रुमालाच्या घडीत कोंबणे! पण १९५५ साली नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या घरात मी तो उद्योग केला खरा. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले होते आणि 'श्रुतिका' हा शब्द आम्हा पोरांच्या तोंडी बसला होता. आदल्याच वर्षी शिरवाडकरांनी 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' केला होता. मग मीच का मागे राहावे?

कात्री चालवली. युद्धे गेली, सरदार गेले. पद्याची लय मात्र राखली. चेटकिणींचे संवाद खंडेश्वराच्या दगडी मंडपात घुमवून पाहिले. डंकनच्या खुनानंतर दारावर पडणाऱ्या थापा तर जणू रेडिओसाठीच लिहिलेल्या! त्या मी आमच्या दाराच्या कडीवर वाजवल्या.

अडले ते मेजवानीत. बँकोचे भूत राजाच्या जागेवर येऊन बसते आणि अवाक्षर बोलत नाही. रंगभूमीवर ते दिसते. रेडिओवर मुके पात्र म्हणजे नसलेलेच पात्र. मी युक्ती काढली. निवेदक! "पाहा, रक्ताने माखलेला बँको आसनावर बसला आहे..."

पहिली श्रोती आमची आत्या. तिची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी दाराआडून वाचू लागलो. भूत येताच ती म्हणाली, "थांब रे बापू. हा मंधातला मानूस काहून बोलते? त्या पाहुन्यायले भूत दिसते काय?"

"नाही. एकट्या राजाला."

"मंग मले काहून दाखवतं? मी त पाहुन्यायच्या पंगतीत बसली. राजा भेला, हे त्याच्या आवाजावरून समजते मले." मग हळूच म्हणाली, "तुमी सारे असंच करता. पानात काय वाढलं, कोन आलं, सारं सांगत बसता. डोये गेले माहे, कान नाही."

मी गप्पच झालो. दोन वर्षे आम्ही घरचे सारे तिचे निवेदक होऊन बसलो होतो!

पुढे वाचनात आले, की बीबीसीसाठी खास लिहिलेले एक आरंभीचे नाटक, रिचर्ड ह्यूजचे, जानेवारी १९२४ मध्ये ध्वनिक्षेपित झाले. ते घडते कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर. पात्रे आणि श्रोते एकाच अंधारात! आत्याला हे मर्म कोणी शिकवावे लागले नव्हते.

निवेदकाला मी तिथल्या तिथे काट मारली. त्याच संध्याकाळी दाराची कडी वाजली. सवयीने आम्ही तोंड उघडले आणि मिटले.

"भाऊ आला," आत्या म्हणाली. "पाट मांडा."