एक वही, एक पिशवी

आपल्या वस्तीत एखादे मूल जन्मल्यावर उशिरा रडते. वर्ष उलटले तरी मान धरत नाही, पुढे झटके येऊ लागतात. डॉक्टर सांगतात, मेंदूचा पक्षाघात आहे. मग बोदवड ते भुसावळ, भुसावळ ते जळगाव अशा फेऱ्या सुरू होतात. झटक्यांसाठी एक डॉक्टर, व्यायामासाठी दुसरे, डोळ्यांसाठी तिसरे. प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : "आधी कोणते औषध चालू होते?" आई पिशवी उपडी करते, नेमकी हवी ती चिठ्ठी घरी राहिलेली असते.

हा दोष त्या माऊलीचा नाही, नशिबाचाही नाही. उपचार चार ठिकाणी वाटले गेले आणि ते जुळवणारे कोणी नाही, हे खरे दुखणे आहे.

म्हणून आमचे सांगणे असे : एक शंभर पानी वही करा. पहिल्या पानावर मुलाचे नाव, आजार, वजन, चालू औषधे व मात्रा, न सोसणारे औषध. पुढे तारीखवार प्रत्येक भेट. झटका कधी आला, किती मिनिटे टिकला, तेही लिहा. वजन वाढले की मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून वजनाची नोंद महत्त्वाची. आईबापांना लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या भावंडाने लिहावे. सगळे कागद एकाच पिशवीत ठेवा.

दुसरे, एका बालरोगतज्ज्ञाला मुख्य डॉक्टर माना. बाकीच्यांनी दिलेले औषध त्यांना दाखवा. शक्य असेल तेव्हा दोन तपासण्या एकाच दिवशी मागून घ्या. झटक्यांचे औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका, जिवावर बेतू शकते. आडवे झोपवून भरवू नका, घास फुप्फुसात जातो. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

आपला हक्कही ओळखा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येते. निरनिराळे तज्ज्ञ एकाच छताखाली मिळावेत म्हणून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद त्यात आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यात हा आजार आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर 'निरामय' या आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्चाची सोय आहे. आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांसाठी. ही माय वर्षानुवर्षे रात्री जागते. महिला मंडळाच्या भगिनींनी आठवड्यातून एक दुपार त्या लेकराजवळ बसावे. कसे भरवायचे, झटका आल्यास काय करायचे, हे वहीतून आधी समजून घ्यावे. तेवढीच तिला झोप. आजारी मुलाचा भार एका आईच्या खांद्यावर टाकून वस्ती मोकळी होऊ शकत नाही.