किनाऱ्यावरून नवे चॅनेल

यूट्यूबवर चॅनेल उघडायला पैसे पडत नाहीत. जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मात्र १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा प्रेक्षणकाळ, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज झाल्यावरच मिळू लागतो. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेला वेळ या ४,००० तासांत धरला जात नाही. म्हणून नवख्याने लांब व्हिडिओ करणे सोडू नये.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या व्हिडिओंत जंजिरा किल्ला आणि समुद्राच्या नुसत्या दृश्यांची गर्दी झाली आहे. लोक शोधतात ती नेमकी माहिती: कुलाबा किल्ल्यात चालत जाण्यासाठी ओहोटी कधी, २०२० साली सुरू झालेल्या भाऊचा धक्का–मांडवा रो-रो बोटसेवेत गाडी कशी चढवायची. असे व्हिडिओ वर्षानुवर्षे पाहिले जातात. त्याहून मोलाचे म्हणजे घरचे ज्ञान. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी विणणारे हात जवळून दाखवले, पातीला पीळ कसा बसतो ते दिसले, तर प्रेक्षक शेवटपर्यंत थांबतो. घरच्या ज्ञानातच येणाऱ्या मराठी स्वयंपाकाला मोठा प्रेक्षकवर्ग आहे, हे मधुरा बाचल यांच्या ‘मधुराज रेसिपी’ या चॅनेलने दाखवून दिले आहेच.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बंदरावरचे चित्रीकरण त्याआधी उरकावे. कॅमेरा मोबाइलचा चालतो, पण खाऱ्या वाऱ्यात आवाज फाटतो. पहिला खर्च केसाळ टोपी असलेल्या कॉलर माइकवर करावा.