हरवलेल्या दहा वंशांची न संपणारी शोधाशोध

‘अमुक लोक म्हणजे इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी एक’ हे ज्यांच्याबद्दल अजून कुणी म्हटलेलं नाही, असा समाज आता शोधूनही सापडायचा नाही. पठाण झाले, काश्मिरी झाले, जपानी झाले, अमेरिकेतले मूळ रहिवासी झाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर काही हौशी इंग्रजांनी हा मान परस्पर स्वतःकडेच घेतला. कोकणाचा विषय निघाला की तिथेही कुणीतरी हाच शिक्का घेऊन तयार असतो.

कथा सगळ्यांना पाठ आहे. शलमोन राजानंतर इस्राएलचं राज्य दुभंगलं. उत्तरेकडे दहा वंशांचं इस्राएल, दक्षिणेकडे यहूदा. इ.स.पू. ७२२ मध्ये अश्शूरने, म्हणजे असिरियाने, उत्तरेची राजधानी शोमरोन घेतली, दहाच्या दहा वंश उचलून नेले आणि ते जे गडप झाले ते कायमचे. यातलं राज्य दुभंगणं खरं, शोमरोन पडणं खरं. गडप होणं तेवढं पदरचं.

आधी ‘दहा’ या आकड्याचंच बघू. बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकात प्रसंग आहे: अहीया नावाचा संदेष्टा आपलं नवंकोरं वस्त्र फाडून त्याचे बारा तुकडे करतो आणि त्यातले दहा पुढे उत्तरेचा राजा होणाऱ्या यराबामाच्या हाती देतो. दहा वंश तुझे, असा त्याचा अर्थ. आणि दावीदाच्या घराण्याकडे किती उरणार? तोच संदेष्टा सांगतो, एक. बारातून दहा गेले तर एक उरतो, हा हिशेब चौथीतलं पोरही चुकीचा ठरवील. भाष्यकार शतकानुशतकं हा उरलेला तुकडा कुठेतरी बसवू पाहत आहेत. अडचण इथेच संपत नाही. शिमोनाचा वंश उत्तरेच्या दहांत धरावा लागतो, पण त्याची वस्ती थेट दक्षिणेला, यहूदाच्या पोटात. लेवींना स्वतंत्र मुलूखच नव्हता. ते सगळीकडे विखुरलेले. म्हणजे ‘दहा’ ही काही शिरगणती नव्हती. ‘उत्तरेकडचे झाडून सगळे’ असं म्हणायची ती एक रीत होती.

आता गडप होण्याकडे वळू. इथे सुदैवाने चोराचीच वही हाती लागली आहे. अश्शूरचा राजा दुसरा सर्गोन याने शोमरोनहून किती माणसं नेली हे स्वतः कोरून ठेवलं: खोरसाबादच्या राजवाड्यातल्या लेखात २७,२९०, निमरूदच्या मातीच्या प्रिझमवर २७,२८०. त्याआधी दहाएक वर्षं तिसऱ्या तिग्लथ-पिलेसरने गालीलचा भाग तोडून घेतला होता. तिथून नेलेल्यांचा आकडा अश्शुरी लेखात १३,५२० आहे. दोन्हींची बेरीज एक्केचाळीस हजारांच्या आत. अश्शुरी राजे आपली कर्तबगारी कमी करून सांगण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते, त्यामुळे खरा आकडा याहून फार मोठा असण्याची शक्यता कमीच.

आणि राज्यात माणसं किती होती? पुरातत्त्वज्ञ इस्राएल फिंकेलस्टाइन यांचा वस्त्यांच्या पाहणीवरचा अंदाज यार्देनच्या दोन्ही तीरांवर मिळून साडेतीन लाखांच्या आसपास आहे. अंदाजावर विश्वास नसेल तर बायबलच उघडावं. ‘२ राजे’ सांगतं की मनहेम राजाने अश्शूरला एक हजार किक्कार चांदी खंडणी दिली आणि ती सधन लोकांकडून डोई पन्नास शेकेल या दराने वसूल केली. एका किक्कारात तीन हजार शेकेल. म्हणजे तीस लाख शेकेल भागिले पन्नास: साठ हजार सधन माणसं. आकडा फुगवलेला असेल असं धरून निम्मा केला तरी नुसते पैसेवालेच तीस हजार भरतात. कुळं, गुराखी, बायकापोरं अजून मोजलेलीच नाहीत.

म्हणजे नेले कोण? राजदरबारी, सैनिक, कारागीर, जमीनदार: ज्यांच्यावाचून बंड उभं राहत नाही ते. निमरूदला सापडलेल्या घोडदळाच्या याद्यांत ‘शोमरोन’ या नावाची एक रथतुकडीच आहे. स्टेफनी डॅली यांनी १९८५ मध्ये त्या तुकडीतल्या तेरा अधिकाऱ्यांच्या नावांचा अभ्यास मांडला. काही नावांत इस्राएलच्या देवाचं नाव सरळ ओळखू येतं. कालचे शत्रू आज सर्गोनच्या पगारावर रथ हाकत होते. बाकीच्यांना हालह, हाबोर नदीकाठचं गोजान आणि मेद्यांच्या नगरांत वसवलं, असं बायबल सांगतं. यातलं गोजान म्हणजे आजच्या सीरियातलं तेल हलाफ. ते नकाशावर आहे, तिथे उत्खनन झालं आहे. ही माणसं कुठल्या गूढ प्रदेशात गेली नाहीत. दोन-चार पिढ्यांत तिथल्या लोकांत मिसळली, इतकंच.

मागे राहिलेल्यांबद्दलही पुरावे आहेत, आणि तेही बायबलमध्येच, हीच खरी वैताग आणणारी गोष्ट. ‘२ इतिहास’नुसार यहूदाचा हिज्कीया राजा वल्हांडण सणाचं आमंत्रण एफ्राइम, मनश्शे, जबुलून या मुलखांत धाडतो, बरेच जण निरोप्यांची थट्टा करतात, पण काही येतातही. ते पुस्तक उशिरा लिहिलेलं, म्हणून अभ्यासक जरा हात राखून वापरतात. मग यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक घ्यावं. यरुशलेमचं मंदिर जळल्यानंतरची गोष्ट, म्हणजे शोमरोन पडून सव्वाशेहून अधिक वर्षं लोटलेली. शखेम, शिलो आणि शोमरोन इथून ऐंशी माणसं येतात. दाढ्या भादरलेल्या, कपडे फाडलेले, अंगावर शोकाच्या जखमा करून घेतलेल्या, हातांत अन्नार्पण आणि धूप. निघाली आहेत परमेश्वराच्या मंदिराकडे. जे वंश नामशेष झाले म्हणतात, त्यांच्याच गावची ही ऐंशी माणसं.

शोमरोनी लोक तर आजही आहेत. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवलगतच्या होलोनमध्ये मिळून त्यांची संख्या हजाराच्या आत भरते. ते स्वतःला एफ्राइम आणि मनश्शेचे वंशज म्हणवतात आणि दरवर्षी डोंगरावर वल्हांडणाचा यज्ञ करतात. ‘२ राजे’ लिहिणाऱ्या यहूदी लेखकाच्या दृष्टीने मात्र शोमरोनात उरली ती बाबेल (बॅबिलोन), कूथा, हमाथ वगैरे ठिकाणांहून अश्शूरने आणून बसवलेली उपरी प्रजा. परके आणून बसवले हे खरंच. सर्गोनही आपण तिथे अरब टोळ्या वसवल्याचं सांगतो. पण ‘यहूदाखेरीज कुणी उरलं नाही’ हा शेजाऱ्याने लिहिलेला मृत्युलेख आहे, आणि त्या शेजाऱ्याला वारसाहक्कात रस होता.

एक गोष्ट कबूल करायला हवी. खालच्या गालीलात त्या काळानंतरच्या वस्तीच्या खुणा फारच विरळ आहेत. तिथे खरोखर उजाड झालं. शोमरोनच्या डोंगराळ भागात तसं झालं नाही.

मग ही दंतकथा आली कुठून? उशिरा आणि हप्त्याहप्त्याने. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘२ एज्रा’ या ग्रंथात दहा वंश दीड वर्षाची वाट तुडवत एका निर्मनुष्य देशात गेल्याचं येतं. त्याच सुमारास योसेफस हा इतिहासकार ते फरात नदीपलीकडे असंख्य झाले आहेत असं लिहितो. नवव्या शतकात एल्दाद हा प्रवासी आपण दान वंशाचे आहोत असं सांगत फिरला, आणि सहा दिवस दगडधोंडे फेकत खळाळणारी, शब्बाथाला थांबणारी नदी लोकांच्या मनात पक्की बसली. १६५० मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या मनश्शे बेन इस्राएलने दक्षिण अमेरिकेत हे लोक भेटल्याची एका प्रवाशाची हकीकत छापली. त्यानंतर नकाशावर जिथे मोकळी जागा दिसेल तिथे एक वंश ठेवून द्यायची चालच पडली.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची गोष्ट याच ओघात ओढली जाते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून ‘शनिवार तेली’ ठरले, ही त्यांची परंपरा. (चित्पावनांच्या कथेतही किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं आहेत, तेवढ्या चौदाच्या जोरावर आणि घाऱ्या डोळ्यांच्या साक्षीने त्यांनाही ज्यू ठरवणारे पंडित होऊन गेले. त्यांना हात जोडावेत.) बेने इस्राएलांमध्ये दहा वंशांची गोष्ट सांगणारे आहेत, पण समाजाचे इतिहासकार हायम सॅम्युएल किहिमकर यांनी ते जहाज इ.स.पू. १७५ च्या सुमाराचं मानलं, शोमरोनच्या पाडावानंतर साडेपाच शतकांनी. ‘प्लॉस वन’मध्ये २०१६ साली आलेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असा दोन्ही वारसा आढळला, ही सरमिसळ सुमारे साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीची निघाली. समाजाचं ज्यू असणं त्याने भक्कम झालं. वंश कोणता, हे कुठलंही जनुक सांगत नाही. १९६४ मध्ये इस्राएल सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं, तेव्हाही दहा वंशांचा दाखला कुणी मागितला नव्हता. किहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं मात्र रायगडच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात.

बाकीचे गैरसमज झटपट.

‘नबुखद्नेस्सराने इस्राएल बुडवलं.’ नाही, बाबेलच्या या राजाने यहूदा बुडवलं, इ.स.पू. ५८६ मध्ये. दोन राज्यं, दोन साम्राज्यं, मध्ये एकशे छत्तीस वर्षं.

‘मूर्तिपूजेमुळे राज्य गेलं.’ हा बायबलकारांचा निवाडा आहे, आणि तो त्यांच्या जागी. जमिनीवर घडलं ते असं: दुसऱ्या यराबामानंतर पंचविसेक वर्षांत सहा राजे झाले, त्यांतल्या चौघांचे खून पडले, आणि शेवटच्या होशेने मिसरच्या भरवशावर अश्शूरची खंडणी थांबवली.

‘बायबलखेरीज या राजांचा मागमूस नाही.’ मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखात अम्री आहे; कर्खच्या शिलालेखात अहाब इ.स.पू. ८५३ च्या लढाईत दोन हजार रथ घेऊन उभा आहे. निमरूदच्या काळ्या स्तंभावर येहू चक्क जमिनीला कपाळ टेकून आहे. तेल दान इथे १९९३ मध्ये ‘दावीदाचं घराणं’ हे शब्दही सापडले.

‘सन्हेरीब हात हलवत परत गेला.’ इ.स.पू. ७०१ मध्ये यरुशलेम वाचलं खरं, पण अश्शूरचा हा राजा तटबंदीची ४६ शहरं घेतल्याचं सांगतो. ब्रिटिश म्युझियममधल्या लाखीशच्या शिल्पपटांत बैलगाड्यांवर गाठोडी रचून, त्यांवर पोरांना बसवून निघालेली कुटुंबं दिसतात. गावं कशी हलवत, ते तिथे पाहावं.

‘यहूदाचा अख्खा देश बाबेलला गेला.’ यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात तीन खेपांची बेरीज ४,६०० आहे. ‘२ राजे’ मोठे आकडे देतं, पण द्राक्षमळे आणि शेतं कसायला गरीब लोक मागे ठेवले हेही तेच सांगतं.

‘सिद्कीयाबरोबर दावीदाचं घराणं संपलं.’ यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांदेखत त्याचे मुलगे मारले आणि मग त्याचे डोळे काढले, हे बायबलमध्ये आहे. पण त्याच्या आधीचा राजा यहोयाखीन इ.स.पू. ५९७ पासून बाबेलात कैदेत होता, आणि जिवंत होता. बाबेलच्या राजवाड्यात सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्या एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत ‘यहूदाचा राजा’ म्हणून त्याच्या नावे दहा मापं तेल टाकलेलं आहे आणि त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच. नबुखद्नेस्सर वारल्यावर इ.स.पू. ५६१ च्या सुमारास यहोयाखीनला बंदिवासातून काढून राजाच्या पंक्तीला बसवलं. त्याचा नातू जरुब्बाबेल पुढे इराणी अमलाखाली यहूदाचा सुभेदार म्हणून यरुशलेमला परतला. राजा मात्र नाही झाला.