खर्जाची परीक्षा कानाच्या नळीत

काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 वेळा कंप पावते. हा खर्ज खोलीभर घुमवायचा तर ताटलीएवढा स्पीकर लागतो आणि आवाज वाढवला की त्याचा पडदा पुढेमागे हलताना डोळ्यांना दिसतो. पाच-सातशे रुपयांच्या इअरफोनमधला पडदा जेमतेम दहा मिलिमीटर व्यासाचा. तोच खर्ज 94 डेसिबलने कानात उभा करायला तो किती हलावा लागतो? गणित मांडलं तर उत्तर येतं एका मायक्रोमीटरचा पाचवा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीचे चारशे भाग करावेत, त्यातला एक.

याचं कारण कोंडलेली हवा. इअरफोनच्या टोकाची रबरी टिप घट्ट बसली की तिच्या आणि कानाच्या पडद्याच्या मध्ये एक-दीड घन सेंटिमीटर हवा अडकते. खोलीत स्पीकरला एकेक सप्तक खाली उतरताना दरवेळी चौपट हलावं लागतं. या बंद डबीत मात्र सूर कितीही खालचा असो, तेवढ्याच हालचालीत तेवढाच दाब मिळतो. म्हणूनच स्वस्तातला इअरफोनही हजारो रुपयांच्या स्पीकरला जमत नाही असा खर्ज देऊ शकतो.

पण डबीला फट पडली की सगळं संपलं. टिप किंचित तिरकी बसली, एक आकार लहान निघाली, की खालचे सूर त्या फटीतून निसटतात आणि आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो. फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मर्काडिए याने 1891 साली कानात घालायच्या टेलिफोन-श्रवणयंत्राचं पेटंट घेतलं. पन्नास ग्रॅमच्या आतल्या त्या यंत्राच्या टोकांनाही रबरी टोप्या होत्या, म्हणजे हा रबराचा प्रश्न जुनाच आहे. मी स्वतः एक इअरफोन ‘बास नाही’ म्हणून महिनाभर ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. डब्यातली मोठी टिप लावून पाहिली आणि डग्गा परत आला. तेव्हा इअरफोनला नावं ठेवण्याआधी तिन्ही आकारांच्या टिपा लावून पाहाव्यात, तेही दोन्ही कानांना वेगवेगळ्या, कारण दोन कानांच्या नळ्या सारख्या असतीलच असं नाही.

खरी गंमत वरच्या सुरांत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, बाहेरून उघडी, आतून पडद्याने बंद. बासरीसारखा तिलाही स्वतःचा सूर असतो, तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा. बाहेरून आलेला त्या पट्ट्यातला आवाज कानाची पाळी आणि ही नळी मिळून सुमारे पंधरा डेसिबलने वाढवतात. म्हणजे पडद्यावरचा दाब पाचपटीहून अधिक होतो. जन्मल्यापासून आपण हे वाढलेलं जगच ऐकत आलो आहोत, आणि मेंदू त्यालाच ‘सरळ’ समजतो. इअरफोन घातला की नळीचं तोंड बुजतं आणि तिचा हा सूर हरवतो. मग इअरफोन बनवणाऱ्याला तोच उंचवटा मुद्दाम घडवून परत द्यावा लागतो. तो कमी पडला तर गाणारा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. जास्त झाला तर आवाज अंगावर येतो. शिवाय दोन्ही बाजूंनी बंद झालेली उरलेली नळी आता सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास नव्याने गुंजू लागते. टिप किती आत गेली आहे त्यावर ही जागा सरकते. एकाच इअरफोनमधले टाळ एकाला गोड आणि दुसऱ्याला बोचरे वाटतात, त्यात दोघांच्या कानांचा वाटा मोठा असतो.

हे मोजण्यासाठी कृत्रिम कान आहेत. 1981 च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाच्या क्रमांकावरून ‘711’ म्हणून ओळखला जाणारा धातूचा कान आजही सर्वत्र वापरतात. त्याच्या पोकळ्या माणसाच्या कानासारखा अडथळा निर्माण करतात आणि कानाच्या पडद्याच्या जागी बसवलेल्या मायक्रोफोनवरून कोणता सूर किती जोरात पोचला याचा आलेख निघतो. आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर मात्र त्याच्या आलेखावर फार विसंबू नये.

या आलेखांनी किमतीचा भ्रम पार उतरवला. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. कोणत्या सुराला किती वजन मिळतं आणि किंमत किती, यांत त्याला संबंधच आढळला नाही. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी तर वेगवेगळ्या इअरफोनांचे आवाज एकाच इअरफोनमधून ऐकवले, म्हणजे ऐकणाऱ्याला ना छाप दिसावी ना किंमत कळावी. बहुतेकांची आवड एकाच वळणाच्या आलेखाभोवती जमली. ते वळण आता सर्वांसमोर आहे, त्यामुळे चंगडूच्या मूनड्रॉपसारख्या कंपनीला 2022 मध्ये वीस डॉलरच्या आसपास ‘चू’ हा त्याच वळणाच्या जवळ जाणारा इअरफोन विकता आला. महाग इअरफोनमध्ये मजबूत वायर, सुबक घडण मिळते हे खरं. पण सुरांचा तोल पैशाने वाढत जातो हे मानायला आधार नाही. खोक्यावर किती ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, लिहिलेत याकडे तर मी बघतही नाही.

आता घरी परीक्षा कशी घ्यावी? माझ्या मते आपल्याकडे तंबोऱ्याइतकं उत्तम साधन नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिलं की घोडीच्या रुंद पाठीमुळे आणि जवारीच्या दोऱ्यामुळे एकाच तारेतून वरच्या सुरांची अख्खी रांग उमलते. खर्जापासून हजारो हर्ट्झपर्यंतचा पट्टा एका छेडीत मिळतो. चांगल्या इअरफोनमध्ये ही रांग जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकसंध लागते. वाईटात एखादी पायरी टणकन वर येते किंवा गायब होते. एक सावधगिरी मात्र हवी. मूळचा 69 हर्ट्झचा सूर गळाला तरी वरच्या पायऱ्यांवरून मेंदू खर्ज ओळखतोच, फोनच्या इवल्या स्पीकरवरही. म्हणून खर्ज ‘ऐकू येतो का’ हे विचारू नये, त्याला वजन आहे का ते पाहावं. डग्ग्यावर तळहात घासत नेलेली मींड यासाठी उत्तम: ती सबंध लांबीभर सारख्या जोराने उतरली पाहिजे.

दोन इअरफोन ताडताना आवाजाची पातळी सारखी करणं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला इअरफोन ‘जास्त मोठा’ न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो. पातळी जुळवावी ती हळू आवाजावर, कारण कानही जपायचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दुकानात एक मिनिट ऐकून निर्णय घेऊ नये, कारण भडक वरचे सूर पहिल्या मिनिटात चमकदार आणि अर्ध्या तासाने थकवणारे वाटतात.

शेवटची परीक्षा डाव्या-उजव्याची. एकटा मानवी आवाज असलेलं मोनो ध्वनिमुद्रण लावा. आवाज कपाळाच्या मधोमध न राहता उजवीकडे झुकला, तर इअरफोन उलटे घाला. झुकणं डावीकडे गेलं तर दोष इअरफोनचा. तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत कानातला मळ अडकलाय का ते उजेडात धरून पाहा. आवाज उजवीकडेच राहिला, तर आधी टिप नीट बसवून पाहा, आणि तरीही तसाच राहिला तर मळ जाळीत नाही, डाव्या कानात आहे का हे डॉक्टरांकडून बघून घ्या.